तिसऱ्या महिन्यातली माणसं

मेडिकलच्या काउंटरवर माझ्या पुढं एक मावशी उभ्या होत्या. साठीच्या आसपासच्या. पैसे पदराच्या टोकाला बांधलेले, आणि हातातल्या कॅरीबॅगमध्ये घड्या घालून घालून मऊ पडलेल्या दोन चिठ्ठ्या. पहिल्या चिठ्ठीवरच्या गोळ्या दुकानदारानं भराभर काढून ठेवल्या. त्या नवऱ्याच्या होत्या, शुगरच्या आणि बीपीच्या, पूर्ण महिन्याच्या. दुसरी चिठ्ठी पुढं सरकवत मावशी म्हणाल्या, "ह्याची अर्धीच स्ट्रिप द्या." दुकानदारानं चिठ्ठी पाहिली, मग त्यांच्याकडं पाहिलं. "मावशी, ही तुमची हाय ना? स्टेंट टाकलाय तुम्हाला. ही रोज लागती." "घेते की. एक दिवसाआड घ्यायलेय." "असं चालत नसतंय ओ. घरात कुणी बघत नाही का?" त्यावर त्या अगदी सहज, तक्रारीचा सूरही न लावता म्हणाल्या, "बघणारी मीच हाय की घरात."

त्यानं कात्रीनं स्ट्रिप मधोमध कापली. मावशींनी नवऱ्याच्या गोळ्या खाली ठेवल्या, आपल्या वर ठेवल्या, पिशवीला गाठ मारली आणि त्या बसस्टँडच्या दिशेनं निघून गेल्या. मी माझी औषधं घेतली, पैसे दिले, घरी आले, आणि रात्री स्वयंपाक करताना ते वाक्य पुन्हा कानात वाजायला लागलं. ती गोळी काय करते ते मला माहीत होतं. स्टेंट म्हणजे हृदयाची बंद पडलेली नळी उघडी ठेवायला आत बसवलेली धातूची बारीक जाळी. नवी असताना रक्ताला ती परकी वाटते आणि तिच्यावर प्लेटलेट्स चिकटून गुठळी होऊ शकते. ती होऊ नये म्हणून साधारण वर्षभर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या रोज घ्यायच्या असतात. मधेच आपल्या मनानं कमी केल्या तर जी नळी उघडली तीच पुन्हा बंद पडण्याची भीती. हे सगळं मला माहीत होतं, कारण ह्या सगळ्यातून आमचं घर गेलं होतं.

माझ्या वडिलांना, अण्णांना, अटॅक आला तो दिवाळीच्या आधल्या आठवड्यात, पहाटे. पित्त समजून थंड दूध पिण्यात तास गेला. बनियन घामानं चिंब झाल्यावर आईनं शेजारच्यांना हाक मारली आणि त्यांच्या जीपमधून औशाच्या रस्त्यानं लातूर गाठलं. ईसीजी, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी आणि एक स्टेंट. महात्मा फुले योजनेत बसलं म्हणून पैशाची ओढाताण झाली नाही. दवाखान्यातल्या दिवसांबद्दल मला फारसं काही सांगायचं नाही. तिथं काय करायचं ते दवाखान्याला माहीत असतं.

खरी गंमत घरी आल्यावर सुरू होते, असं आई म्हणायची, आणि म्हणताना तिचा चेहरा रडवेला व्हायचा. पहिले पंधरा दिवस आमच्या घराचं दार लागलंच नाही. जिल्हाभरातून माणसं भेटायला येत होती. देवळीखाली बिस्किटाचे पुडे आणि सफरचंदाच्या पिशव्यांचा ढीग लागला, शहाळी बाजेखाली गडगडत होती. येईल त्याला अण्णा पहिल्यापासून सगळं सांगायचे, छातीवर कुठं दाब आला ते हात ठेवून दाखवायचे. ऐकून ऐकून आईला ते इतकं पाठ झालं की त्यांना धाप लागली की पुढचं वाक्य ती पूर्ण करायची. मग पाहुणे त्यांच्या माहितीतला माणूस काढत. "आमच्या साडूलाबी असंच झालतं. घरी आले, चांगले बोलायलते, अन् आठव्या दिवशी..." तिथं कुणीतरी ठसका काढायचं आणि विषय तुरीवर जायचा. पण अण्णांच्या डोळ्यांत ते आठव्या दिवसाचं राहून जायचं. चहाचं आधण दिवसभर चुलीवर. ज्यांना पूर्ण विश्रांती सांगितली होती ते सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत ताठ बसून पाहुण्यांशी बोलत होते.

तरी त्या गर्दीला मी नावं ठेवणार नाही. एके दुपारी एसटीचा एक ड्रायव्हर दारात आला, खाकी गणवेशातच. अण्णांचा चौथीतला विद्यार्थी. दवाखान्याची बातमी त्याला औशाच्या स्टँडवर कळली होती. अण्णांच्या पायावर डोकं ठेवून तो लहान पोरासारखा रडला आणि चहासुद्धा न घेता ड्यूटीवर गेला. त्या संध्याकाळी अण्णांनी पहिल्यांदा पोटभर भाकरी खाल्ली. आपण कुणाच्या तरी लक्षात आहोत हे माणसाला कळणं औषधाइतकंच गरजेचं असतं, आणि ते आमच्याकडं भरभरून मिळतं. मराठवाड्यात माणूस संकटात एकटा पडत नाही, ह्यावर माझा विश्वास आहे.

मग पंधरवडा सरला. सोयाबीनचं खळं झालं होतं, तुरी भरत होत्या, लग्नाच्या तारखा निघत होत्या. माणसं आपापल्या कामाला लागली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

पण अण्णांचा खरा आजार तेव्हा सुरू झाला. छाती दुखत नव्हती, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी ठीक होती, डॉक्टर समाधानी होते. अण्णा मात्र न्हाणीचं दार आतून लावत नव्हते. डाव्या हातानं वरच्या फळीवरचं काही काढत नव्हते. रात्री उशीत कान दाबला गेला की स्वतःचे ठोके ऐकू येतात म्हणून उताणे झोपायचे, आणि मग झोपच यायची नाही. पहाटे मी पाणी प्यायला उठले की ते अंधारात बाजेवर बसलेले दिसायचे, दोन बोटं मनगटावर. पेपर आला तरी उघडायचे नाहीत. चाळीस वर्षं ज्या माणसानं पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त केल्या, त्यांचा पेपर घडीचा घडीच रद्दीत जात होता. घरातले सगळे त्यांना जपत होतो. सायकलची चावी लपवली होती. नातवाला ओरडू नको म्हणून सांगितलं होतं. त्यांची भाजी वेगळ्या पातेल्यात, बिनमिठाची, पाट वेगळा, झोपायची खोली वेगळी. एकदा ते आईला म्हणाले, "मला काचेच्या कपाटात ठेवल्यासारखं नका करू गं." आई त्यांच्याकडं बघत राहिली. ती बिचारी जीव टाकून तेच करत होती.

त्या काळात रात्री मोबाइलवर मी मिळेल ते वाचत होते. हार्ट अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला औदासीन्य गाठतं आणि ते गाठलं की औषधं चुकतात, चालणं बंद होतं, धोका वाढतो, हे तेव्हा कळलं. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरातला एक अभ्यास वाचला, १९९२ साली प्रसिद्ध झालेला. वयस्कर माणसांना त्यांनी आधीच, म्हणजे अटॅक येण्यापूर्वीच, विचारून ठेवलं होतं की अडीनडीला धीर द्यायला, मन मोकळं करायला तुम्हाला कुणी आहे का. पुढं त्यांतल्या १९४ जणांना अटॅक येऊन ते दवाखान्यात दाखल झाले. 'कुणीच नाही' असं उत्तर दिलेल्यांना पुढच्या सहा महिन्यांत मृत्यूचा धोका जवळजवळ तिप्पट निघाला. वय, अटॅकची तीव्रता, बाकीचे आजार हे सगळं हिशेबात धरूनही. हे वाचून मी उठून बसले. एका साध्या प्रश्नाच्या उत्तरात एवढं असतं?

मग वाटलं, हे तर सोपं आहे, ज्याला कुणी नाही त्याला कुणीतरी नेमून द्यावं. तसंही करून पाहिलेलं आहे. २००३ साली अमेरिकेतल्याच एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. २४८१ रुग्ण, सगळे अटॅकनंतर खचलेले किंवा एकटे पडलेले. त्यांतल्या निम्म्यांना नीट समुपदेशन मिळालं. त्यांचं मन सुधारलं, एकटेपण कमी झालं. पण दुसरा अटॅक आणि मृत्यू ह्यांच्या आकड्यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. ह्या निकालानं मी बरीच अस्वस्थ झाले. तज्ज्ञ माणूस ठरलेल्या वेळी येऊन बोलून जातो त्यानं मन हलकं होतं, आणि मन हलकं होणं ही छोटी गोष्ट नाही. पण आयुष्यभर सोबत असणारी माणसं जे करतात ते तेवढ्यात भरून निघत नसावं, असं मला वाटतं. हे माझं मत, चाचणीचं नाही.

आमच्याकडं ते शेजारच्या आबांनी केलं.

आबा अण्णांहून मोठे, गुडघे गेलेले, शाळेत दुसरीपर्यंत. एका सकाळी काठी टेकत दारात उभे राहिले. "चला गुरुजी, पाय मोकळे करून येऊ." अण्णा नको म्हणाले. आबा ओट्यावर बसून राहिले. आईनं चहा दिला, तो प्यायले, पुन्हा म्हणाले, "चला की." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी अण्णा चप्पल घालून निघाले. आमच्या दारातल्या लाईटच्या पोलापासून पुढच्या पोलापर्यंत, आणि परत. आबांचा हिशेब पोलांवर होता. "आज एक पोल वाढवू." गुडघ्यामुळं आबा इतके हळू चालायचे की अण्णांना 'दम लागला, थांबू या' असं कधी म्हणावंच लागलं नाही. आबाच थांबायचे, काठीवर हात ठेवून वाऱ्याची दिशा बघायचे, सोयाबीनला ह्या वर्षी काय भाव लागला ते सांगायचे. छातीबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं की रोज चालायचं, हळूहळू वाढवायचं. तो कागद फ्रिजवर चिकटवलेला होता. त्या कागदाला पाय फुटले ते आबांमुळं. पोल वाढत वाढत ओढ्यावरच्या पुलापर्यंत गेले. पुलाच्या कठड्यावर दोघं बसायचे, आणि तिथून परत येताना एक दिवस अण्णांच्या हातात दुसऱ्या कुणाचा तरी पेपर होता, त्यातली चूक त्यांना आईला दाखवायची होती.

गल्लीतले न्हावीकाका दाढी करायला घरी यायला लागले होते, ते हळूच म्हणाले, "गुरुजी, आता दुकानात या, इथं उजेड नाही." घरात उजेड भरपूर होता. आईनं तर सगळ्यांच्याच भाजीत मीठ कमी केलं आणि अण्णांचं वेगळं पातेलं बंद केलं. नातवानं दोन दिवस कुरकुर केली, मग त्यालाही ती चव लागली. ठेच्याची वाटी तेवढी ताटाच्या दुसऱ्या बाजूला गेली. वेळ अमावस्येला अण्णा शेतात आले. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, रानात आंबील शिंपडत फेरी निघाली, आणि ते बांधाबांधानं सगळ्यांच्या मागून सावकाश आले. भज्जी, बाजरीचे उंडे, माठातलं गार आंबील. भज्जीत मीठ नेहमीचं होतं, कारण ती सगळ्या भावकीची होती. आईनं त्यांच्या ताटात थोडीच वाढली, त्यांनी थोडीच खाल्ली, आणि त्यावर कुणीही काही बोललं नाही. मला आठवतं, जेवून ते ज्वारीच्या ताटांत उभे होते आणि कणसाला दाणा कसा भरलाय ते दाताखाली धरून बघत होते.

आबांना मी एकदा विचारलं की तुम्हाला हे कसं सुचलं. त्यांनी किल्लारीची गोष्ट सांगितली. १९९३ च्या भूकंपानंतर पहिले काही आठवडे रस्त्यावर मदतीच्या ट्रकांच्या रांगा होत्या, कपड्यांचे ढीग पडले होते. आबांची बहीण त्या भागात दिलेली. तिचं घर गेलं, माणसं गेली. पुढच्या उन्हाळ्यात ती पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती, वर ऊन तापायचं, आणि तोवर विचारपूस करणारी माणसं पांगली होती. "तवा तुमचे वडील दर आयतवारी सायकलीवर जायचे," आबा म्हणाले. "शेडातल्या लेकरांला पाढे शिकवायचे. माझी भाची त्यातलीच." अण्णांनी हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आता मेडिकलमधल्या मावशींकडं येते. अण्णांना आबा मिळाले, कारण अण्णा पुरुष आहेत, गुरुजी आहेत, त्यांना रस्त्यावर पोल मोजत हिंडता येतं. आमच्या थोरल्या मावशीला अटॅक आला तेव्हा छातीत कळ आलीच नाही. पाठ भरून आली, जबडा दुखला, दोन दिवस जीव घाबरा होत राहिला. बायकांच्या बाबतीत असं बऱ्याचदा होतं आणि दवाखान्यात पोचायला उशीर होतो. ती घरी आल्यावर तिलाही भेटायला माणसं आली, आणि त्यांना चहा करायला तीच उठली. कुणी तिला उठ म्हणालं नाही. कुणी बस म्हणालं नाही, हेही खरं. सून कामाला जाते, मावसोबांना चहासुद्धा येत नाही. आठवड्यात ती चुलीपुढं, महिन्यात डोक्यावर घागर. डॉक्टरांनी तिलाही चालायला सांगितलं होतं. पण ह्या वयाच्या बाईनं सकाळी बिनकामाचं रस्त्यानं चालायचं म्हणजे प्रत्येक ओट्यावरून "कुठं निघालीस?" विचारणार. अटॅकनंतरच्या व्यायामाच्या, समुपदेशनाच्या कार्यक्रमांना जगभरच बायका पुरुषांपेक्षा कमी येतात. आमच्या भागात तर असे कार्यक्रम शोधूनही सापडत नाहीत. आणि ज्या बाया सहा महिने ऊसतोडीला टोळीबरोबर जातात, त्यांची दुसऱ्या महिन्याची चिठ्ठी कारखान्याच्या कोणत्या मुक्कामावर कोण बघणार, ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही. पाचटाच्या झोपडीत बाई पहाटे तीनला उठते, तिथं गोळीची वेळ कुणाच्या ध्यानात राहणार?

आपल्याच देशातली एक चाचणी मला फार मोलाची वाटते. १४ रुग्णालयांतले ८०६ रुग्ण, अटॅक किंवा त्यासारख्या दुखण्यातून उठलेले. त्यांतल्या अर्ध्यांच्या मागं शिकवून तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते वर्षभर राहिले. ते डॉक्टर नव्हते. घरी जायचे, गोळ्या का चुकल्या ते विचारायचे, तंबाखू, चालणं, खाणं ह्यांवर बोलायचे. वर्षाच्या शेवटी त्या गटात औषधं नीट घेणारे ९७ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ९२. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पाच टक्के कमी वाटतील. त्या पाच टक्क्यांत मला अर्धी स्ट्रिप नेणाऱ्या मावशी दिसतात. 'का चुकली' हे न रागावता विचारणारं कुणी असतं तर कदाचित कळलं असतं की पैशाची अडचण आहे, आणि तीच गोळी जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्तात मिळते. किंवा कळलं असतं की पैसा नसून आणखीच काही आहे. नवऱ्याची चिठ्ठी पूर्ण आणि आपली अर्धी, हा हिशेब काही फक्त पैशाचा नसतो.

आमच्या थोरल्या मावशीच्या बाबतीत वाट निघाली ती बचत गटातून. गटाची अध्यक्ष तिची मैत्रीण. तिनं गटाची बैठक देवळात ठेवली, देऊळ गावाबाहेर, टेकाडाच्या पायथ्याशी. तिथपर्यंत चालत जायला कारण मिळालं आणि ओट्यांवरचे प्रश्न मिटले. आठवड्याची बैठक, मग हरिपाठाच्या निमित्तानं रोज. आशाताई बीपीचं मशीन घेऊन तिथंच यायला लागल्या, त्यामुळं एकीच्या निमित्तानं सगळ्यांचं बीपी मोजलं गेलं, आणि तिघींचं वाढलेलं निघालं. मावशीची गोळ्यांची डबी आता गटाच्या पासबुकांच्या पिशवीत असते. संध्याकाळची गोळी ती देवळाच्या पायरीवर, सगळ्यांसमोर घेते. घागर सून आणि शेजारीण वाटून आणतात. मावसोबा अजून चहा शिकलेले नाहीत.

परवा तपासणीला मी मावशीबरोबर गेले, तर गटातल्या दोघी आधीच स्टँडवर येऊन थांबलेल्या. केबिनमध्ये आम्ही चौघी. डॉक्टरांनी विचारलं, नातेवाईक कोण? अध्यक्षबाई म्हणाल्या, "आम्ही समद्या हाव की." मग त्यांनी जे प्रश्न विचारले ते मला कधीच सुचले नसते. खुरपायला जाऊ द्यायचं का? सरळ बसून खुरपलेलं बरं की उकिडवं? भारा कितीपर्यंत? चतुर्थीचा उपास धरला तर सकाळची गोळी उपाशीपोटी चालते का? नातीच्या लग्नात नाचली तर? डॉक्टर आधी घड्याळ बघत होते, मग त्यांनी पेन खाली ठेवलं. खुरपणी सकाळच्या उन्हात, मधे मधे थांबून, चालेल. डोक्यावर भारा अजून नको. उपास धरायचाच असेल तर गोळी चुकवायची नाही, पोटात काहीतरी घालून घ्यायची. नाचायला हरकत नाही, पण दम लागला तर बसायचं. दुसरीनं हे सगळं गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं आणि जाता जाता पुढची तारीख स्वतःसाठीही विचारली. तिच्या नवऱ्याला मागच्या वर्षी स्टेंट टाकलाय, आणि त्यानं मृगापासून गोळ्या घेतल्या नाहीत.